जुन्या मोटारीचे वय आणि तिचा धूर

दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात १० वर्षांहून जुन्या डिझेल आणि १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांवरील बंदीवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केले. १ जुलै २०२५ पासून दिल्लीत अशा वाहनांना पंपावर इंधनच द्यायचे नाही, असा फतवा निघाला. तो काही दिवसांतच गुंडाळावा लागला. पुढे ऑगस्टमध्ये न्यायालयाने केवळ वयावरून मालकांवर सक्तीची कारवाई नको, असे सांगितले आणि डिसेंबरात हे संरक्षण ‘भारत स्टेज ४’ व त्यापुढील मानकांच्या वाहनांपुरते मर्यादित केले. वयाऐवजी मानक पाहण्याचा हा विचार रास्त आहे, पण तो अर्ध्यावर थांबतो. मानक पूर्ण केले जाते ते मोटार नवी असताना. पंधरा वर्षांनी ती हवेत काय सोडते, हे तिच्यातील काही किरकोळ भागांच्या प्रकृतीवर ठरते.

त्यातील दोन भाग पाहू. एक्झॉस्टच्या नळीत बसवलेला ऑक्सिजन सेन्सर धुरातील प्राणवायू मोजतो आणि त्यावरून संगणक इंधन कमी-जास्त करतो. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे सुमारे १४.७ भाग, हे प्रमाण सांभाळले तरच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तिन्ही घातक वायूंवर काम करू शकतो. कालांतराने सेन्सर मंदावतो. मिश्रणात पेट्रोल वाढले तर कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि हजारो रुपयांचा कन्व्हर्टर जळून जातो. हवा वाढली तर नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात.

दुसरा भाग त्याहून क्षुल्लक दिसतो. पिस्टनच्या कडांतून खाली निसटणारे वायू पुन्हा इंजिनात जाळण्यासाठी नेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह बहुतेक गाड्यांत काही शे रुपयांत मिळतो. तो उघडा अडकला तर मोजमाप न झालेली हवा आत शिरते आणि सेन्सरचा संगणकाला दिलेला निरोप बदलतो. बंद अडकला तर क्रँककेसमध्ये दाब साचतो, सीलमधून तेल पाझरते. इंजिनात जळणाऱ्या तेलाची राख सेन्सरवर आणि कन्व्हर्टरवर बसते. म्हणून व्हॉल्व्ह न तपासता नुसता सेन्सर बदलणे म्हणजे गळके छप्पर तसेच ठेवून भिंतीला रंग देणे. चांगला मेकॅनिक हे जाणतो. घाईतला मेकॅनिक स्कॅनर लावून डॅशबोर्डवरचा इशारा पुसतो आणि ग्राहक समाधानाने निघून जातो.

आपली पीयूसी तपासणी या बिघाडांपैकी काय पकडते? पेट्रोल मोटारीच्या बाबतीत ती प्रामुख्याने उभ्या गाडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन पाहते. नायट्रोजनची ऑक्साइडे ती मोजतच नाही. जे मोजते, तेही प्रामाणिकपणे मोजले जाते असे नाही. एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली विधानसभेत मांडलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालानुसार मर्यादेपेक्षा अधिक उत्सर्जन नोंदले गेलेल्या एक लाखाहून अधिक वाहनांनाही प्रमाणपत्रे मिळाली होती.

वास्तविक आवश्यक माहिती मोटारीतच साठलेली असते. एप्रिल २०१३ पासून ‘भारत स्टेज ४’ मोटारींना सेन्सर आणि कन्व्हर्टरवर लक्ष ठेवणारी निदान प्रणाली बंधनकारक आहे. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून वार्षिक तपासणीत इंजिनाचा इशारादिवा पेटलेला असेल तर गाडी नापास होते. कॅलिफोर्नियाही हाच निकष लावते आणि कमी उत्पन्नाच्या मालकांना दुरुस्तीसाठी अर्थसाहाय्य देते. आपल्याकडे मात्र नोंदणीकृत केंद्रात गाडी भंगारात काढून नवी घेतली तर करसवलत आहे. दुरुस्त करणाऱ्यासाठी काहीच नाही. वाहन उद्योगाला हे सोयीचे आहे, यात नवल नाही.

जुन्या गाड्यांची भाबडी वकिली इथे अभिप्रेत नाही. कन्व्हर्टरच नसलेली मोटार किंवा काळा धूर ओकणारा जुना ट्रक नव्या व्हॉल्व्हने सुधारणार नाही. त्यांना निरोप द्यावाच लागेल. दिल्लीतील मुलांच्या फुप्फुसांपुढे कुणाचेही वाहनप्रेम गौण आहे. पण हप्ते फेडून एकच मोटार घेतलेला टॅक्सीचालक किंवा निवृत्त कारकून यांना, ‘तुमच्या गाडीत नेमका दोष काय’ याचे उत्तर मिळायला हवे. स्वयंचलित तपासणी केंद्रांनी निदान प्रणालीतील दोषसंकेत वाचावेत, ते नुकतेच पुसले आहेत का हे पाहावे आणि दोष लेखी द्यावा. दुरुस्तीसाठी महिनाभराची मुदत असावी, फेरतपासणीत नापास झाली तर नोंदणी रद्द व्हावी. सोबत बनावट सुट्या भागांवर कारवाई हवी, नाहीतर काश्मिरी गेटच्या बाजारातला स्वस्त सेन्सर सहा महिन्यांत पुन्हा तोच प्रश्न उभा करील.

तोवर, दिल्लीत वय संपलेल्या गाड्या ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन इतर राज्यांत नोंदवल्या जात राहतील. त्यांचा सेन्सर तोच असतो, अडकलेला व्हॉल्व्ह तोच असतो. फक्त पाटीवरची अक्षरे बदलतात.