पुढच्या तीन चकत्या काढून एकच ठेवायची? आधी फोनवर हे गणित करा

गेल्या काही वर्षांतली कुठलीही बऱ्यापैकी माउंटन बाईक बघा. पेडलजवळ पूर्वी तीन दातेरी चकत्या असायच्या, आता एकच दिसते. डाव्या हाताचा गिअर शिफ्टरही गायब. यालाच 'वन-बाय' किंवा १× म्हणतात. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. साहजिकच "आपली जुनी २४ गिअरची सायकल स्वस्तात १× करून टाकू" असं बऱ्याच जणांच्या डोक्यात येतंय.

माझ्याही आलं होतं. मी आधी पैसे घातले आणि मग गणित केलं. तुम्ही उलट क्रमाने करा.

कंपन्यांनी तीनाचं एक कसं केलं?

२०१२ मध्ये स्रॅम कंपनीने 'एक्सएक्स१' हा सेट आणला. त्याच्या पुढच्या चकतीचे, म्हणजे चेनरिंगचे, दात एक आड एक जाड आणि बारीक होते. कारण सोपं आहे. चेनची एक कडी आतून रुंद असते, पुढची अरुंद. जाड दात रुंद कडीत घट्ट बसला की चेन सहजासहजी उडत नाही. याला 'नॅरो-वाइड' म्हणतात, आणि म्हणूनच अशा चकतीचे दात नेहमी सम संख्येत असतात.

पण खरा बदल मागे होता. एक्सएक्स१ची मागची कॅसेट १० ते ४२ दातांची होती. २०१६ मध्ये 'ईगल' आलं, त्यात १० ते ५० दात. शिमानोनेही २०२३ मध्ये स्वस्त आणि मधल्या श्रेणीतले सेट 'क्यूज' या एका कुटुंबात आणायला सुरुवात केली आणि तिथेही १×चे पर्याय दिले.

म्हणजे कंपन्यांनी पुढच्या दोन चकत्या नुसत्या काढल्या नाहीत, त्यांचं काम मागच्या कॅसेटवर टाकलं. घरी बदल करताना आपण नेमका हाच अर्धा भाग विसरतो.

२४ गिअर म्हणजे खरंच २४?

फोनचा कॅल्क्युलेटर उघडा. पुढचे दात भागिले मागचे दात, एवढंच सूत्र. समजा पुढे ४२-३२-२२ आणि मागे ११ ते ३२ दात आहेत.

पुढे ४२, मागे २१ असेल तर उत्तर २. पुढे २२, मागे ११ असेल तरी उत्तर २! वर या दुसऱ्या जोडीत चेन तिरकी ओढली जाते ती वेगळीच. तीन गुणिले आठ, बरोबर २४ हा आकडा मोबाईल कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलसारखा आहे. खोक्यावर छान दिसतो, पण त्यातले बरेच गिअर एकमेकांच्या अगदी जवळचे असतात.

त्यामुळे गिअर किती, यापेक्षा रेंज किती हे बघा. रेंज म्हणजे सगळ्यात जड गिअर सगळ्यात हलक्या गिअरच्या किती पट:

- जुनी ३×८ (४२-३२-२२, मागे ११-३२): ३.८२ ते ०.६९, म्हणजे साधारण ५.५ पट
- नुसती ३२ची चकती, मागे तीच ११-३२: २.९१ ते १, म्हणजे २.९ पट
- ३२ची चकती, मागे ११-४०: २.९१ ते ०.८, म्हणजे ३.६ पट
- ईगलची १०-५० कॅसेट: ५ पट

घाटात याचा अर्थ काय?

२७.५ इंची चाक एका फेरीत साधारण २.२ मीटर जातं. मिनिटाला ६० वेळा पेडल मारलं, तर ०.६९च्या गिअरवर तुम्ही ताशी साडेपाच किलोमीटरने चढता. नुसती ३२ची चकती ठेवली, तर तेवढ्याच पेडलिंगला ताशी आठचा वेग हवा. चढावर तो जमला नाही की पेडल संथ होतं आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो.

मी हेच केलं. नॅरो-वाइड चकती आणि आखूड बोल्ट, दोन्ही मिळून दीड हजाराच्या आत. शहरात सायकल एकदम भारी वाटली. पहिल्याच रविवारी सिंहगडच्या चढावर उतरून ढकलत न्यावी लागली. मग मोठी कॅसेट, चेन आणि मागचा डिरेल्युअर खाली आणणारा छोटा एक्स्टेंडर घेतला. आणखी साडेतीन-चार हजार गेले. जीएसटी कमी झाल्याचा फायदा किती? हजार रुपये मूळ किमतीचा भाग आधी ११२०ला पडायचा, आता १०५०ला. पूर्ण सूट ग्राहकापर्यंत आली, तरी सत्तर रुपये!

खर्च कुठे लपलेला असतो?

*रिव्हेट:* स्वस्त सायकलींच्या चकत्या बोल्टने नाही, रिव्हेटने जोडलेल्या असतात. तसं असेल तर अख्खा क्रँकसेट बदलावा लागतो. आधी खाली बसून बघा. बोल्ट असतील, तर ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास मोजून घ्या. चार बोल्टच्या बऱ्याच क्रँकवर तो १०४ मिलिमीटर असतो.

*फ्रीव्हील की कॅसेट:* सात गिअरच्या अनेक सायकलींना आटे असलेलं फ्रीव्हील असतं. त्या हबवर ११-४०ची कॅसेट बसतच नाही.

*मागचा डिरेल्युअर:* बजेट डिरेल्युअर बहुतेक वेळा ३४ दातांपर्यंतच झेपतो. त्याच्यात क्लचही नसतो, म्हणून खड्ड्यात चेन उडते. यावर फुकटचा उपाय म्हणजे पुढचा डिरेल्युअर काढूच नका. केबल काढा आणि स्क्रूने तो चकतीच्या बरोबर वर अडकवून ठेवा. तोच चेन सांभाळेल.

*चेन:* लांबी नव्याने मोजावीच लागते.

शून्य रुपयांची चाचणी

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही जुनं फीचर उडवण्याआधी ते काही दिवस बंद ठेवून बघतो. इथेही तेच करा. पुढचा गिअर मधल्या चकतीवर ठेवा, डाव्या शिफ्टरला टेप लावा आणि महिनाभर चालवा. रोजचा रस्ता, सामान घेऊन एक फेरी आणि एक तरी घाट. टेप काढावीशी वाटली की फोनमध्ये नोंद करा.

महिन्यात एकदाही नोंद झाली नाही, तर १× तुमच्यासाठी आहे. एक केबल कमी, वजन थोडं कमी, साफसफाई सोपी. हे फायदे खरे आहेत. पण बदल तेव्हाच करा, जेव्हा चेन आणि कॅसेट झिजून तशाही बदलायच्या असतील. नोंदी फक्त घाटातल्या असतील, तर मोठ्या कॅसेटचा खर्च पहिल्या दिवसापासून धरा.

आणि दर रविवारी टेप काढावी लागली, तर ती छोटी २२ची चकती जुनाट नाही. ती तुमचे गुडघे वाचवतेय, आणि तिचे पैसे तुम्ही आधीच भरलेत.