तेरीज जुळली, आता पुढे?

जून उजाडला की गिरगावात ठाकुरद्वारपासून प्रार्थना समाजापर्यंत तीच जाहिरात पुन्हा दिसू लागते : ॲडव्हान्स्ड टॅली, जीएसटीसह, नोकरीच्या हमीने. नोकरीच्या हमीबद्दल मी पूर्वी लिहिलं आहे, ते पुन्हा उगाळत नाही. पण या आठवड्यात अशाच एका क्लासचं प्रमाणपत्र घेतलेल्या मुलीशी बोलणं झालं आणि तिच्या एका उत्तराने मी अस्वस्थ झालो. मी विचारलं, ‘हिशेब चुकलाय हे तुला कळतं कसं?’ ती चटकन म्हणाली, ‘ट्रायल बॅलन्स जुळला नाही की.’

मुलगी हुशार आहे. पेमेंटला एफ-5, विक्रीला एफ-8, खरेदीला एफ-9 हे तिच्या बोटांत बसलंय. दोष तिचा नाही, तिला हे उत्तर पढवणाऱ्यांचा आहे. हाताने वह्या लिहिल्या जात होत्या तेव्हा ते उत्तर बऱ्याच अंशी खरं होतं. संगणकावर ते साफ चुकीचं आहे, आणि ते चुकीचं का, हे सांगणं हाच ‘ॲडव्हान्स्ड’ अभ्यासक्रमाचा पहिला धडा असायला हवा.

काळबादेवीच्या पेढीवरचा मुनीम संध्याकाळी काय करायचा ते आठवा. रोजमेळात सकाळची शिल्लक, दिवसभराची जमा, दिवसभराचा खर्च. उरेल ती रक्कम गल्ल्यातल्या रोकडीशी जुळली पाहिजे. जुळली नाही तर पेढी बंद व्हायची नाही. महिनाअखेर खतावणीतल्या बाक्या उतरवून तेरीज, म्हणजेच ट्रायल बॅलन्स, मांडायची. जमा आणि नावे यांच्या बेरजांत फरक आला की शोध सुरू. त्या शोधालाही शास्त्र होतं. फरकाला 9 ने भाग जातो का ते आधी पाहायचं. जात असेल तर कुठे तरी आकडे उलटे पडले असण्याचा संभव : 540 चे 450 झाले तर फरक 90 चा येतो. नाहीतर फरक निम्मा करून तेवढी रक्कम वहीत धुंडाळायची, कारण जमेची रक्कम नावे पडली तर फरक दुप्पट येतो. या शोधात मुनीम प्रत्येक नोंदीवरून पुन्हा एकदा जायचा आणि जाता जाता दहा इतर गोष्टी त्याच्या नजरेला पडायच्या. अमुक व्यापाऱ्याची बाकी फार दिवस हललेली नाही, तमुक बिल दोनदा चढलंय. न जुळणारी तेरीजच त्याला वहीकडे परत पाठवायची.

संगणकाने हे परत जाणंच बंद केलं. दोन्ही बाजू सारख्या नसतील तर सॉफ्टवेअर व्हाउचर स्वीकारतच नाही. त्यामुळे तेरीज सदैव जुळलेलीच असते, हिशेब बरोबर असो की चूक. घरच्या किराण्याचं बिल दुकानखर्चात टाका, तेरीज जुळते. नवं कपाट दुरुस्तीच्या खात्यात टाका, जुळते. एकच खरेदी बिल दोनदा चढवा, तरी जुळते. घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या ॲपने आपलं कमिशन कापून बँकेत जमा केलेली रक्कमच विक्री म्हणून दाखवा. विक्री कमी, खर्चही तेवढाच कमी, नफ्याचा आकडा जसाच्या तसा आणि तेरीज अर्थातच जुळलेली. या सगळ्या चुका त्या मुलीच्या परीक्षेत उत्तीर्ण होतात.

मुनीम सगळे प्रामाणिक होते असा माझा दावा नाही. दोन वह्या ठेवणारेही होते. मला दाखवायचंय ते वेगळं. यंत्राने आतली जुळणी स्वतःकडे घेतली, म्हणून माणसाचं काम बाहेरच्या जुळणीवर आलं : बँकेचा उतारा, पुरवठादाराने भरलेलं विवरणपत्र, गोदामातला मोजलेला माल, गिऱ्हाइकाने मान्य केलेली बाकी. आपण स्वतः न लिहिलेल्या कागदाशी आपली वही पडताळणं, हेच आजचं प्रगत हिशेबशास्त्र आहे. मुनीमही खातेउतारा पाठवून गिऱ्हाइकाची बाकीवर सही घेत असे, ते उगाच नव्हे. 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 34 ने हेच सांगितलं होतं : धंद्यात नियमित ठेवलेल्या वहीतली नोंद ग्राह्य, पण निव्वळ तिच्या बळावर कुणावर देणं लादता येत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे, आणि त्यात संगणकावरच्या वह्यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

आता जीएसटीकडे पाहा. समजा, गिरगावातल्या एका हार्डवेअरवाल्याने 1,00,000 रुपयांचा रंग घेतला, वर 18,000 कर दिला. बिल हातात आहे, नोंद बिनचूक आहे, तेरीज जुळली आहे. पण 1 जानेवारी 2022 पासून नियम असा की पुरवठादाराने ते बिल आपल्या विवरणात दाखवून ते आपल्या जीएसटीआर-2बी या खरेदीच्या उताऱ्यात उतरलं, तरच त्या 18,000 चं क्रेडिट घेता येतं. मासिक विवरण भरणाऱ्या पुरवठादाराचं जीएसटीआर-1 भरायची तारीख 11, 2बी तयार होतं 14 ला आणि आपलं जीएसटीआर-3बी हे विवरण भरायचं 20 पर्यंत. 14 ते 20 या दिवसांत जो खरेदीखातं आणि 2बी शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहतो आणि न दिसणाऱ्या बिलासाठी पुरवठादाराला फोन करतो, त्याला मी शिकलेला हिशेबनीस म्हणेन. परवा पाहिलेल्या अभ्यासक्रमात हा विषय अगदी शेवटी होता, बँकेच्या जुळणीच्याही खाली. कंपनी कशी उघडायची, लेजर कसं तयार करायचं यालाच बहुतेक वेळ दिलेला.

या स्तंभाचे वाचक माझा हेका ओळखतात, तरी तो पुन्हा धरतो. हे शिक्षण आधी मालकाने घ्यायला हवं. बी.कॉम. झालेली आपली मुलं दुसऱ्यांच्या वह्या लिहिण्यात तरबेज होतात. आपल्या घरच्या दुकानाच्या वह्या मात्र वर्षाअखेर पिशवीत भरून सीएकडे जातात. टॅलीचा जन्मच एका धंदेवाल्याच्या गरजेतून झाला. गिरण्यांना यंत्रांचे भाग पुरवणाऱ्या श्यामसुंदर गोयंका यांना मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांचे चिरंजीव भरत यांनी ते लिहिलं आणि 1986 मध्ये बंगळुरात कंपनी उभी राहिली. मालकाला स्वतःचा हिशेब स्वतः पाहायचा होता. आपण ते साधन घेतलं आणि पाहण्याचं काम दुसऱ्यावर सोपवलं.

याचे परिणाम दिसू लागले आहेत. जुलै 2025 मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागाने यूपीआयवरच्या जमेच्या आधारे बंगळूरच्या लहान दुकानदारांना नोटिसा पाठवल्या. गिरगावात कितीतरी काउंटरवर घरच्या बचत खात्याचाच क्यूआर कोड चिकटवलेला असतो. त्या खात्यात भावाने परत केलेले पैसे येतात, भिशीचे येतात आणि विक्रीचेही येतात. मालाला 40 लाख आणि सेवेला 20 लाख ही जीएसटी नोंदणीची वार्षिक मर्यादा ओलांडली की नाही, हे अशा खात्यावरून कोण आणि कसं सिद्ध करणार? दुकानाचं चालू खातं वेगळं काढणं हे कुठल्याही सॉफ्टवेअरच्या आधीचं पाऊल आहे.

म्हणून क्लासची फी भरण्यापूर्वी मुलांनी आणि पालकांनी एकच मागणी करावी. एखाद्या खऱ्या दुकानाचा, नावं झाकलेला, एका महिन्याचा सगळा कागद समोर ठेवा : बिलं, बँकेचा उतारा, 2बी, मालाची मोजदाद. त्यावरून आमच्याकडून पूर्ण महिना लिहून घ्या आणि प्रत्येक फरकाचं कारण लेखी मागा. जो क्लास हे करून घेईल त्याची फी कितीही असो, ती वसूल होईल. जो करून घेणार नाही, त्याच्याकडून फक्त टंकलेखन शिकून मूल घरी येईल.