आपला माणूस म्हणजे नक्की कोण?

शीळफाट्याला अडकलेल्या माणसाकडे विचार करायला भरपूर वेळ असतो. कल्याणकडून येणारे, मुंब्र्याकडून येणारे, पनवेलकडून येणारे आणि महापेकडून येणारे असे सगळे इथे एकमेकांची तोंडं बघत उभे असतात. मध्ये न्हावाशेव्याच्या दिशेने निघालेले कंटेनर, मेट्रोचं काम, आणि 'काका, जरा दाबा ना गाडी' म्हणणारे बाइकवाले. माझं घर कल्याण-डोंबिवलीच्या हद्दीत, ऑफिस नवी मुंबईच्या हद्दीत आणि ट्रॅफिक जॅम ठाण्याच्या हद्दीत. तीन महापालिकांचा मी एकटा लाभार्थी!

तर मंडळी, अशाच एका जॅममध्ये, 15 जानेवारी 2026 च्या महापालिका निवडणुकीच्या आधी, माझ्या फोनवर एक मेसेज आला. आमच्या मंडळीतल्या एका काकांचा. (आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत चर्चला येणाऱ्या समुदायालाही 'मंडळी'च म्हणतात, त्यामुळे घोळ नको.) मेसेजमध्ये एका उमेदवाराचा फोटो, नाताळच्या केकसमोर हात जोडून उभा असलेला. खाली एक ओळ: 'आपला माणूस आहे. विसरू नका.'

मी घरी गेल्यावर त्या 'आपल्या माणसाचं' प्रतिज्ञापत्र उघडून वाचलं. काय वाचलं ते सांगत बसत नाही. एवढंच सांगतो, की आमच्या कंपनीत बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला असा कागद आला असता तर एचआरने परत फोनही केला नसता.

रविवारी उपासना संपल्यावर चहा पिताना मी काकांना हे सांगितलं. वाटलं, चपापतील. काका अजिबात चपापले नाहीत. म्हणाले, "अरे, दफनभूमीच्या जागेसाठी मी बारा वर्षं सरकारदरबारी चपला झिजवतोय. मयत झालं की पहिला प्रश्न पडतो, नेऊ कुठे? आत आपला एक माणूस असता तर ही वेळ आली असती का? तुझं चारित्र्य घेऊन मी काय करू?"

आता यावर काय बोलणार? माझ्या वडिलांच्या वेळी जागेसाठी फोन करत फिरलेल्यांमध्ये हे काकाच पुढे होते. मी गप्प चहा संपवला. पण प्रश्न काही संपला नाही. श्रद्धा असलेल्या माणसाने मत देताना त्या श्रद्धेचं करायचं काय? बूथच्या बाहेर चपलांसारखी काढून ठेवायची, की आत घेऊन जायची?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणाचा वेळ जायला नको. श्रद्धा आत घेऊन जायचीच. पण उमेदवाराचा धर्म तपासायला नाही, त्याला कोणते प्रश्न विचारायचे ते कळायला.

ही अक्कल मला फुकटात आलेली नाही. 2012 साली मी ठाण्यात भाड्याने राहत होतो. 16 फेब्रुवारीला महापालिकेचं मतदान होतं, आणि सुट्टी मिळाली म्हणून आम्ही चार मित्र लोणावळ्याला गेलो होतो. नगरसेवक कोण होतो याने मला काय फरक पडतो? मी कोडिंग करतो, टॅक्स भरतो, विषय संपला.

पुढच्या वर्षी, 4 एप्रिल 2013 ला, गुरुवारी संध्याकाळी मी कंपनीच्या बसमध्ये याच रस्त्यावर अडकलो होतो. ॲम्ब्युलन्सवर ॲम्ब्युलन्स जात होत्या आणि मी ट्रॅफिकला शिव्या घालत होतो. रात्री टीव्ही लावला तेव्हा कळलं. शिळमधल्या लकी कंपाउंडमधली सात मजली बेकायदा इमारत कोसळली होती. वर आणखी एक मजला चढवणं चालू होतं. 74 माणसं गेली, त्यात कितीतरी लहान मुलं. पुढे बिल्डरांबरोबर पालिकेचे अधिकारी, पोलीस आणि एक नगरसेवक यांनाही अटक झाली. कोणाचा दोष किती हे ठरवणं कोर्टाचं काम. पण एवढी मोठी इमारत काही रात्रीतून उगवत नाही. ती उभी राहताना अनेक लोकांना दिसलेली असते, आणि प्रत्येकाने दुसरीकडे बघितलेलं असतं.

मी मत दिलं असतं तर ती इमारत पडली नसती, असलं काही मी म्हणत नाही. एका मताने काय होतं ते मलाही कळतं. पण त्या दिवसापासून 'नेत्याच्या चारित्र्याशी आपल्याला काय करायचंय?' हा प्रश्न मी कोणाच्या तोंडावर हसून सोडून देऊ शकत नाही. दुसरीकडे बघणं हा चारित्र्याचाच भाग आहे, आणि त्याचं बिल भलत्याच माणसाच्या नावावर फाटतं.

इथे जरा थांबून चारित्र्य म्हणजे काय ते बोलू. आमच्या मंडळीतल्या मावश्यांच्या मते चारित्र्य म्हणजे: पितो का, दुसरं लग्न केलंय का, रविवारी दिसतो का. मीही बरीच वर्षं असंच मानत होतो. पण ऑफिसात बघा. प्रॉडक्शन डेटाबेसचा पासवर्ड आपण कोणाला देतो? जो पार्टीत पीत नाही त्याला? नाही. ज्याने मागे एकदा चुकीची क्वेरी मारली आणि रात्री दोन वाजता स्वतः फोन करून 'माझ्याकडून गाढवपणा झालाय' असं सांगितलं, त्याला. ज्याने लॉग पुसून टाकले, त्याला पुन्हा ॲक्सेस मिळत नाही, मग तो कितीही सज्जन, निर्व्यसनी आणि मृदुभाषी असो.

गंमत म्हणजे बायबलही असंच काहीतरी सांगतं. निर्गमाच्या पुस्तकात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसलेला असतो. त्याचा सासरा इथ्रो येतो, हे सगळं बघतो आणि म्हणतो, असं केलंस तर तू झिजून जाशील आणि लोकही दमतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. (मॅनेजमेंटचा पहिला कन्सल्टंट, आणि फी घेतल्याचा उल्लेख नाही!) कशी माणसं? कर्तबगार, देवाचं भय असणारी, विश्वासू आणि लाचेचा तिटकारा असणारी. 'देवाचं भय' यादीत आहे, पण ते एकटं नाही. कर्तबगारी आधी येते, आणि लाचेच्या तिटकाऱ्याशिवाय यादी पुरी होत नाही. आपण मात्र चारातलं एक कलम उचलतो, तेही 'भय' वगळून नुसतं 'देवाचं नाव' एवढंच, आणि बाकीची तीन सोडून देतो.

कोणी म्हणेल, मग दावीद राजाचं काय? त्याने बथशेबेला भोगलं, तिच्या नवऱ्याला लढाईत पुढे करून मारलं, तरी तो देवाचा आवडता. आमच्यात वाईट नेत्याची बाजू घ्यायची असली की दावीद हमखास बाहेर निघतो. पण गोष्ट पुढे वाचत नाहीत. नाथान संदेष्टा दरबारात येतो, एका गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगतो आणि राजाच्या तोंडावर म्हणतो, तो मनुष्य तूच आहेस. आणि राजा, ज्याच्या हातात नाथानाचं मुंडकं उडवायची सत्ता आहे, तो म्हणतो, मी पाप केलं. ती गोष्ट दाविदाला सूट देणारी नाहीच. तोंडावर खरं ऐकून घेण्याची ती गोष्ट आहे. ज्या नेत्याच्या आसपास एकही नाथान टिकत नाही, त्याच्यासाठी दाविदाचा दाखला देऊ नये.

हे सगळं सोडून 'आपला तो आपला' धरलं की काय होतं, ते मी जरा लांबून पाहिलंय. 2004 साली मी टेक्सासला ऑनसाइट होतो. तिथे ज्या चर्चमध्ये जायचो तिथले लोक देवमाणसं होती. मला गाडी नव्हती, तर पाळीपाळीने न्यायला यायची. 'नेत्याचं खासगी आयुष्य स्वच्छ पाहिजे' हे त्यांच्याकडून मी इतक्या वेळा ऐकलं की पाठ झालं. पुढे 2011 मध्ये अमेरिकेत एका सर्वेक्षणात विचारलं होतं: खासगी आयुष्यात अनैतिक वागलेला नेता सार्वजनिक काम नीतीने करू शकेल का? गोऱ्या इव्हँजेलिकल लोकांपैकी फक्त 30 टक्के 'हो' म्हणाले. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये, ट्रम्प उमेदवार असताना, तोच प्रश्न पुन्हा विचारला. 72 टक्के 'हो' म्हणाले. पाच वर्षांत बायबल बदललं नव्हतं. उमेदवार बदलला होता. कोणाला मत द्यावं हा त्यांचा प्रश्न, पण मोजपट्टी माणूस बघून ताणायची असेल तर तिला मोजपट्टी म्हणू नये.

आपल्याकडे याच्या उलटं उदाहरण आहे, आणि तेही फार लांब नाही, वसईला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. कॅथलिक धर्मगुरूंना सत्तेचं पद घ्यायला त्यांच्या चर्चचा कायदाच मनाई करतो. तरी वसईची शेतं, विहिरी आणि पाणी बिल्डर आणि टँकरवाले गिळायला निघाले, तेव्हा हा माणूस 'हरित वसई'च्या आंदोलनात सर्वांत पुढे होता. दहशतीचा काळ होता तो. पण त्यांनी 'ख्रिस्ती पाणी' वाचवलं नाही, वसईचं पाणी वाचवायला गेले. सोबत सगळ्या जातीधर्मांचे लोक होते. 2024 च्या जुलैमध्ये ते गेले. सिंहासनाकडे न जाता नाथानाचं काम करणं म्हणजे काय, ते मला त्यांच्याकडे बघून कळलं.

आणि मुंबईकरांनी 1967 साली दक्षिण मुंबईतून स. का. पाटलांना पाडून ज्याला निवडून दिलं, तो जॉर्ज फर्नांडिस तर तरुणपणी धर्मगुरू व्हायला निघालेला, सेमिनरी सोडून आलेला माणूस. त्याला मत देणाऱ्या कामगारांनी त्याचा बाप्तिस्म्याचा दाखला मागितला नव्हता. आपल्यासाठी रस्त्यावर कोण झोपतं, ते त्यांनी पाहिलं होतं.

कायदाही साधारण हेच म्हणतो. धर्माच्या नावावर मत मागणं हे निवडणूक कायद्यात भ्रष्ट आचरण आहे. 1990 च्या सांताक्रूझच्या विधानसभा निवडणुकीवरून सुरू झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने 2 जानेवारी 2017 ला, चार विरुद्ध तीन अशा मतांनी, ही बंदी आणखी रुंद केली: उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म काढूनही मत मागता येणार नाही. पण बघा, बंदी मागणाऱ्यावर आहे. देणाऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर कोणी कुलूप लावलेलं नाही. तिथे तुमची बायबल असो, गाथा असो, कुराण असो की संविधान असो, ती तुम्हीच उघडायची.

आता काकांचा प्रश्न उरलाच. दफनभूमीचा. तो खरा प्रश्न आहे आणि त्याला 'सगळे समान' असं गुळगुळीत उत्तर देणं मला पटत नाही. संख्येने थोडे असलेल्यांना आपलं गाऱ्हाणं आत सांगणारं कोणीतरी हवंच असतं. पण मी काकांना पुढच्या रविवारी एवढंच विचारलं, "तुमच्या आपल्या माणसाने जागा मिळवून दिली, आणि उद्या त्याच जागेला बिल्डरने दुप्पट भाव दिला, तर तो कोणाचा माणूस?"

काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि तुझा तो सरळ माणूस आमच्या जागेसाठी एक अर्ज तरी करेल का?"

"त्याला आधी विचारू या की. मत देण्यापूर्वी."

खरं सांगायचं तर हे आम्ही कधी केलंच नव्हतं. मग आम्ही पाच जण मिळून प्रभागातल्या उमेदवारांकडे गेलो. दोघे भेटले, एकाने केक खाल्ल्याची आठवण करून दिली, आणि एका बाईंनी, ज्यांचा आमच्या धर्माशी काडीचा संबंध नाही, वही काढून जागेचा सर्व्हे नंबर लिहून घेतला. त्या पडल्या. हो, पडल्या. गोष्ट गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पण निकालानंतर त्यांचा काकांना फोन आला, की अर्जाची प्रत पाठवा, मी पाठपुरावा करते. काका सध्या 'आपला माणूस' हा शब्द जरा जपून वापरतात.

जाता जाता, माझी आजी नगर जिल्ह्यातली. शास्त्यांच्या पुस्तकातली योथामाची गोष्ट ती फार रंगवून सांगायची. झाडं राजा निवडायला निघतात. जैतून म्हणतं, मी माझं तेल सोडून कशाला येऊ? अंजीर म्हणतं, माझी गोडी कोण सोडणार? द्राक्षवेल म्हणते, मला माझा रस बरा. शेवटी काटेरी झुडूप म्हणतं, मी तयार आहे, या माझ्या सावलीत. आजी त्या झुडपाला सरळ 'येडी बाभळ' म्हणायची. लहानपणी मला वाटायचं, ही गोष्ट बाभळीची आहे. आता शीळफाट्याला उभा राहून लकी कंपाउंडच्या दिशेने बघताना वाटतं, ती अंजिराची आहे. लोणावळ्याला गेलेल्या अंजिराची.

असो. सिग्नल सुटला.