कोयता चालतो, पेला कां चालत नाहीं?

गेल्या दिवाळींत बीड जिल्ह्यांतील आमचे एक जुने स्नेही आमच्याकडे आले होते. गृहस्थ शिक्षकी पेशांतून निवृत्त झालेले, वाचनाचा व्यासंग असलेले आणि मुलीला मुलाप्रमाणेंच शिकविलें याचा रास्त अभिमान बाळगणारे. परंतु या खेपेस त्यांची मुद्रा चिंताक्रांत दिसली. मुलीनें हॉटेल-व्यवस्थापनाची पदवी घेतली, तेथपर्यंत सर्व ठीक होतें. पुढें तिनें वाइनच्या पारखीचा अभ्यास केला, परीक्षा दिल्या, आणि आतां ती पुण्यांतील एका मोठ्या भोजनगृहांत ‘सोमेलिये’ म्हणून काम करते. “लोक विचारतात, मुलगी काय करते? काय सांगूं? दारू वाढते म्हणून सांगूं?” असें म्हणून ते क्षणभर थांबले आणि मग म्हणाले, “तुमचें ती ऐकते. तिला चार शब्द सांगा.”

चार शब्द आम्ही सांगणार आहोंत. परंतु ते त्या मुलीला नव्हेत, तिच्या वडिलांना आणि त्यांच्यासारख्याच आमच्या सुशिक्षित वाचकांना.

प्रथम हा धंदा काय आहे तें पाहूं. सोमेलिये हा शब्द फ्रेंच. त्याचें मूळ ओझ्याचीं जनावरें हांकणाऱ्या माणसाच्या नांवांत आहे. अर्थाचीं अनेक वळणें घेत तो आज भोजनगृहांतील वाइनच्या पारख्यास लागला आहे. कोणती वाइन विकत घ्यावी, ती किती थंडाव्यांत ठेवावी, कोणत्या पदार्थाबरोबर कोणती शोभेल, कोणती आणखी पांच वर्षें राखण्याजोगी आहे आणि कोणती आजच संपविली पाहिजे, हें सर्व त्यानें ठरवावयाचें असतें. बूच बिघडलें म्हणजे वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास येऊं लागतो. तो पाहुण्याच्या आधीं पारख्याच्या नाकाला कळला पाहिजे. पिणें हा या धंद्याचा गाभा नव्हे. चव घेऊन थुंकून टाकणें हीच त्याच्या अभ्यासाची नित्याची रीत आहे. द्राक्षाची जात, माती, हवा आणि वर्ष जिभेवरून ओळखणें ही विद्या आहे. तिला ‘दारू वाढणें’ म्हणणें म्हणजे वैद्याला पुड्या बांधणारा म्हणण्यासारखेंच होय.

आतां या विदुषीचा भोजनगृहांत सत्कार कसा होतो तो पाहा. तिनें आपली हकीकत आम्हांस पूर्वींच कळविली होती. टेबलाशीं मंडळी बसलेली असते. वाइनची यादी कोणाच्या हातीं द्यावयाची, तर सर्वांत वडील पुरुषाच्या. मग पैसे देणारी त्याची सून कां असेना! मुलगी अदबीनें सुचविते कीं या माशाबरोबर अमुक वाइन अधिक शोभेल. साहेब तिच्याकडे पाहून हंसतात आणि म्हणतात, “तुमच्या साहेबांना पाठवा.” तेव्हां तिच्या हाताखालीं शिकणारा, काल आलेला पोऱ्या पुढें होतो; तो तिचेंच वाक्य पुन्हां म्हणतो, आणि साहेब मान डोलवितात. कोणी तिला विचारतात, “तुम्हीं स्वतः किती घेतां?” कोणी तिच्या साडीची तारीफ करतात. बाटलीविषयीं मात्र कोणी विचारीत नाहीं. व्यवस्थापक तिला बाजूस घेऊन सांगतो, “पाहुणा देव असतो, जरा हंसत जा.”

यांतील विसंगति आमच्या ध्यानांत कशी येत नाहीं? चव हें तर आपण स्त्रीचेंच राज्य मानीत आलों. आमटींत मीठ किती, लोणचें मुरलें कीं नाहीं, हें तिनें सांगावें. बालाघाटच्या डोंगरांतील सीताफळ, ज्याला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तें उतरविण्याजोगें झालें कीं नाहीं हें फळाचे डोळे उघडलेले पाहून नेमकें सांगणाऱ्या बायका बीड जिल्ह्यांत गांवोगांव आहेत. म्हणजे घरांत आणि रानांत, जेथें चवीला व पारखीला वेगळा पगार नाहीं, तेथें जीभ तिची. परंतु ज्या क्षणीं चवीला पगार, पदवी आणि अधिकार मिळाला, त्या क्षणीं तीच जीभ पुरुषाची झाली! घरीं स्वयंपाकीण ती. हॉटेलांत मुख्य आचारी तो.

हा दोष आमच्याच देशांत आहे असें नव्हे. शांपेन प्रांतांत १८०५ सालीं विधवा झालेल्या क्लिको बाईंनीं नवऱ्याचा वाइनचा धंदा हातीं घेतला, आणि बाटलींतील गाळ मानेशीं आणून वाइन नितळ करण्याची रीत त्यांच्याच तळघरांत सुधारली गेली. इतकें असूनहि, इंग्लंडांत ‘मास्टर ऑफ वाइन’ची परीक्षा १९५३ सालीं सुरू झाल्यावर पहिली स्त्री तींत उत्तीर्ण होण्यास १९७० साल उजाडावें लागलें. अमेरिकेंत २०२० सालीं एकवीस स्त्रियांनीं पुढें येऊन सांगितलें कीं ज्या नामांकित पुरुष सोमेलियेंच्या हातीं त्यांची परीक्षा व भवितव्य होतें, त्यांच्यापैकींच कांहींनीं त्यांचा छळ केला. तेव्हां विलायतेचें नांव घेऊन आम्ही कोणास लाजवूं इच्छीत नाहीं. परंतु आमच्या देशांतहि ‘मास्टर ऑफ वाइन’ हा किताब सर्वांत प्रथम मिळविला तो २०१६ सालीं मुंबईच्या सोनल हॉलंड या स्त्रीनेंच, हें आमच्या स्नेह्यांनीं ध्यानांत ठेवावें. लोकांनीं विचारलें असतां सांगण्यासारखें उत्तर त्यांत आहे.

कायद्यानेंहि या प्रश्नाचा एकदां निकाल लावला आहे. १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्याच्या तिसाव्या कलमान्वयें, जेथें लोक मद्य पितात अशा जागीं पंचवीस वर्षांखालील पुरुषास आणि कोणत्याहि वयाच्या स्त्रीस नोकरीस ठेवण्याची मनाई होती. दिल्लींत तो कायदा एकविसाव्या शतकांतहि चालू होता. म्हणजे पंचविशी ओलांडली कीं पुरुष शहाणा होई; स्त्री मात्र साठीची झाली तरी अजाणच! ६ डिसेंबर २००७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हें बंधन घटनाबाह्य ठरविलें. संरक्षणाच्या नांवाखालीं स्त्रीची उपजीविका हिरावून घेणें हें संरक्षण नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. न्यायालयास जें पटलें तें आमच्या दिवाणखान्यास अजून पटावयाचें आहे.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही हलका मानीत नाहीं. दारूनें जितके संसार धुळीस मिळविले तितके दुष्काळानेंहि मिळविले नसतील. ज्या गांवांत निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनीं ‘आडवी बाटली’स मत देऊन दुकान बंद पाडलें, तेथील स्त्रियांना आमचा नमस्कार असो. परंतु मद्य हें पाप असेल तर तें पिणाऱ्याचें, विकणाऱ्याचें, त्यावर कर घेणाऱ्याचें, सर्वांचेंच पाप आहे. २००१ सालीं आमच्याच सरकारनें वाइनच्या धंद्यास उत्तेजन देणारें धोरण आंखलें. नाशकांतील द्राक्षबागांच्या मालकांस आपण उद्योगी म्हणून गौरवितों. भोजनगृहाच्या मालकास लग्नाचें पहिलें आमंत्रण धाडतों. या सर्व साखळींत पापाचा वांटा एकट्या त्या मुलीच्या पदरीं कां? सर्व दुकानें बंद करण्याची चळवळ कोणी काढली तर ती आम्हांस समजेल. दुकान चालू ठेवावें, नफा घ्यावा आणि केवळ स्त्रीला दारांत अडवावें, हा मद्यनिषेध नव्हे. ही मक्तेदारी आहे.

आणि बीड जिल्ह्यांतील माणसानें तरी हा आक्षेप घेऊं नये! दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यांतून लाखों माणसें ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घ्यावयाची ती त्या कोयत्याच्या नांवानें. ती बाई पहाटेच्या अंधारांत फडांत शिरते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन त्या गाडींत चढविते. एक दिवस चुकला तर खाडा. २०१९ सालीं सरकारनें नेमलेल्या समितीच्या पाहणींत जिल्ह्यांतील सुमारें ८२,००० ऊसतोड स्त्रियांपैकीं १३,८६१ स्त्रियांचीं गर्भाशयें काढून टाकल्याचें आढळलें. आतां तो ऊस कोठें जातो? कारखान्यांत. साखर निघाल्यावर उरते ती मळी. त्या मळीपासून मद्यार्क निघतो, आणि ज्या दारवांना आपण मोठ्या ऐटींत विलायती म्हणतों, त्यांपैकीं पुष्कळांचा पाया हाच मद्यार्क आहे. म्हणजे दारूच्या धंद्यांत बीडची स्त्री आज नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या आहे! ती पहिल्या टोंकाला, चिखलांत, अनवाणी आणि उचलीच्या ओझ्याखालीं उभी आहे, तोंवर कोणाच्या कुळाला बट्टा लागला नाहीं. तिची बहीण दुसऱ्या टोंकाला, दिव्याच्या उजेडांत, आपल्या विद्येच्या बळावर, पगारपत्रकावर सही करून उभी राहिली, आणि आम्हांस अब्रू आठवली! आमचा विरोध मद्याला नाहीं आणि स्त्रीच्या कष्टालाहि नाहीं. तो स्त्रीच्या अधिकाराला आहे, हें याहून स्पष्ट कसें व्हावें?

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. रात्रीची नोकरी, झिंगलेलीं माणसें. बापाचें काळीज धडधडतें, तें खोटें नव्हे. परंतु झिंगलेल्या पुरुषास आवरावयाचें कीं शुद्धींतील स्त्रीस घरीं बसवावयाचें? २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानें कामाच्या जागीं संबंध येणाऱ्या परक्या माणसांपासूनहि स्त्रीस सुरक्षित ठेवणें हें मालकाचें कर्तव्य ठरविलें आहे; आणि त्या जागीं येणारें गिऱ्हाईक कांहीं याला अपवाद नाहीं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानें व आस्थापना कायद्यानें रात्रीं साडेनऊनंतर स्त्रीस कामावर ठेवावयाचें तर तिची संमति आणि पुरेसें संरक्षण आवश्यक केलें आहे. ज्यांना काळजी वाटते त्यांनीं या तरतुदी पाळल्या जातात कीं नाहीं हें मालकास विचारावें. “पाहुणा देव असतो” म्हणणाऱ्या व्यवस्थापकास सांगावें कीं देव हात धरीत नाहीं.

आणि वाचकहो, त्या भोजनगृहांत जाणारे कोण? शिकलेले, मिळविते, स्त्रीशिक्षणावर सभा गाजविणारे, अर्थात्‌ आपणच. तेव्हां सुधारणेस कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. पुढच्या वेळीं यादी आपल्या हातीं आली तर ती पत्नीकडे, मुलीकडे द्या. पारखीण कांहीं सुचवील तर विद्वानाचें ऐकावें तसें ऐका; पटलें नाहीं तर कारण सांगा, साहेबाला बोलावूं नका. आणि ज्यांना मद्य वर्ज्य आहे त्यांनीं तें अवश्य वर्ज्य करावें, पण तिची मान खालीं जाईल असें बोलूं नये.

आमच्या स्नेह्यांस एवढेंच सांगावयाचें आहे कीं, मुलीला जीभ दिली ती बोलण्यासाठीं आणि पारखण्यासाठीं. शाळेंत घातलें तेव्हांच आपण हें कबूल केलें होतें. आतां लोक विचारतील तेव्हां आवाज न दाबतां सांगा, “माझी मुलगी सोमेलिये आहे.” शब्द त्यांना कळला नाहीं तर अर्थ समजावून द्या. आयुष्यभर शिक्षकाचें काम केलेल्या माणसास तें जड जाऊं नये.