पुस्तक निवडणारा एक, पैसे मोजणारा दुसरा

बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलेला किंवा वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका घेणारा विद्यार्थी पुढे कोठे जातो, याचा विचार आपल्या चळवळीने फारसा केलेला नाही. त्यांतील पुष्कळसे तालुक्याच्या गावी एखाद्या खाजगी प्रयोगशाळेत किंवा ग्रामीण रुग्णालयात सूक्ष्मदर्शकापुढे बसतात. थुंकीत क्षयाचे जंतू आहेत की नाहीत, लघवीत वाढलेल्या जंतूवर कोणते प्रतिजैविक चालेल, हे प्रथम त्यांच्या डोळ्यांखालून जाते आणि डॉक्टरांचे औषध त्यावर ठरते. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. अशा देशात या मुलामुलींनी क्लिनिकल मायक्रोबायोलॉजी कोणत्या पुस्तकावरून शिकावे, हा प्रश्न प्राध्यापकांच्या खोलीपुरता ठेवून चालणार नाही. माझा विषय अर्थशास्त्र. परंतु प्रश्न मुळात किमतीचा आहे, म्हणून हे धाडस.

मंडईत भाजी निवडतो तोच पैसे देतो; त्यामुळे भाव जरा वाढला की हात आखडतो. पाठ्यपुस्तकांच्या बाजारात हा दुवा तुटलेला असतो. ग्रंथांची शिफारस विद्यापीठाचे अभ्यास मंडळ करते, वर्गात पुस्तकाचे नाव प्राध्यापक सांगतात, आणि पैसे विद्यार्थ्याचा बाप देतो. प्राध्यापकाला प्रकाशकाकडून मानार्थ प्रत मिळते, तेव्हा किमतीचा आकडा पाहण्याचे त्याला कारणही उरत नाही. औषधांच्या बाजाराची रचना हीच आहे, आणि तेथे डॉक्टरांनी स्वस्त जेनेरिक औषधे लिहावीत अशी मागणी आपण वर्षानुवर्षे करीत आलो. पुस्तकांबाबत ती केली नाही.

या रचनेचे फळ अमेरिकेत स्पष्ट दिसले. तेथील सरकारी आकडेवारीनुसार जानेवारी २००६ ते जुलै २०१६ या काळात ग्राहकोपयोगी वस्तूंच्या किमती एकंदर २१ टक्क्यांनी वाढल्या. महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांच्या किमती ८८ टक्क्यांनी. कागद आणि शाई तेवढी महागली होती असे कोणीच म्हणणार नाही. सुपाप किर्तसेंग हा थायलंडमधून तेथे शिकायला गेलेला विद्यार्थी. अमेरिकन प्रकाशकाच्या पुस्तकांच्या आशियातील स्वस्त आवृत्त्या मायदेशातून मागवून त्या तो अमेरिकेत विकू लागला. प्रकाशकाने त्याला कोर्टात खेचले. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल विद्यार्थ्याच्या बाजूने दिला. कायद्याचा मुद्दा वेगळा होता, पण जाता जाता एक गोष्ट जगासमोर आली: तेच पुस्तक प्रकाशक निम्म्याहून कमी किमतीतही नफ्याने विकू शकतो. किंमत ठरते ती गिऱ्हाईक किती सोसेल यावर.

आपल्याकडे एके काळी स्वस्त पुस्तके होती. ब्रिटिश सरकारच्या अनुदानावर निघणारी ईएलबीएसची वैद्यकीय पुस्तके आणि मॉस्कोच्या मीर प्रकाशनाचे विज्ञानग्रंथ यांवर एक पिढी शिकली. दोन्हींमागे शीतयुद्धातील स्पर्धा होती, हे आपण विसरलो. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये संपला, ईएलबीएसची योजनाही त्याच दशकात गुंडाळली गेली. दुसऱ्याच्या भांडणात मिळालेली सवलत भांडणाबरोबर गेली. स्वतःच्या बळावर टिकले ते आपल्या शिक्षकांनी लिहिलेले. अनंतनारायण आणि पणिक्कर यांचा सूक्ष्मजीवशास्त्राचा ग्रंथ १९७८ मध्ये निघाला आणि नव्या आवृत्त्यांतून आजही चालू आहे. शालेय पुस्तकांसाठी महाराष्ट्राने १९६७ मध्ये बालभारती उभी केली. महाविद्यालयीन ग्रंथांसाठी नागपूरचे विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ निघाले खरे, पण त्याची बालभारती होऊ शकली नाही.

मग विद्यार्थी काय करतो? तो गाईड घेतो, नाहीतर झेरॉक्स काढतो. झेरॉक्सला मी नावे ठेवणार नाही. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील झेरॉक्सच्या दुकानावर तीन बड्या परदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने १६ सप्टेंबर २०१६ रोजी तो फेटाळला. स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ मध्ये अध्यापनासाठी जी मोकळीक आहे तिचा अर्थ न्यायालयाने उदारपणे लावला. पुढे अपिलाच्या टप्प्यानंतर, २०१७ मध्ये, प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. हा विजय मोठा आहे. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचे काम काळ्यापांढऱ्या झेरॉक्सवर भागते. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याचे भागत नाही. ग्रॅमच्या पद्धतीने रंगविलेल्या काचपट्टीवर एका गटाचे जंतू जांभळे दिसतात, दुसऱ्या गटाचे गुलाबी. क्षयाचे जंतू निळ्या पार्श्वभूमीवर लाल दिसतात. विद्येचा निम्मा भाग या रंगांत आहे. झेरॉक्समध्ये हे सारे एकाच करड्या रंगाचे होते! ज्याने परीक्षेपूर्वी फक्त असे करडे जंतू पाहिले, त्याच्या हाती उद्या गावाच्या थुंकीच्या तपासण्या आहेत.

नवी आवृत्तीच हवी, असा प्राध्यापकांचा आग्रह असतो. त्यात तथ्य किती? ग्रॅमची पद्धत १८८४ ची. जंतूंचे संवर्धन, निर्जंतुकीकरण, नमुना घेण्याची रीत यांत तीन-चार वर्षांत उलथापालथ होत नाही. बदलतात त्या प्रामुख्याने दोन गोष्टी: जंतूंची नावे व वर्गीकरण, आणि प्रतिजैविकाच्या चकतीभोवती किती मिलिमीटरचे वलय पडल्यास जंतू औषधाला दाद देतो असे मानायचे, याचे तक्ते. हे तक्ते दरवर्षी सुधारले जातात, म्हणजे छापील ग्रंथ कितीही महाग असला तरी या बाबतीत तो शिळाच असणार. युरोपातील युकास्ट समितीचे तक्ते विनामूल्य मिळतात; ते वर्गात वेगळे द्यावेत आणि मूळ ग्रंथ स्वस्तातला नेमावा, हे साधे व्यवहारज्ञान आहे.

असे ग्रंथ आहेतही. जागतिक आरोग्य संघटनेची प्रयोगशाळेतील जीवाणुशास्त्रावरची पुस्तिका (दुसरी आवृत्ती २००३) कमी साधनांच्या प्रयोगशाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहे आणि फुकट मिळते. अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स प्रकल्पाने २०१६ मध्ये काढलेला हजाराहून अधिक पानांचा ग्रंथ तर कोणालाही छापण्यास, भाषांतरित करण्यास, त्यात भर घालण्यास मोकळा आहे. मूळ कर्त्यांचा उल्लेख केला की झाले. त्याचा दोष एवढाच की त्यातील रुग्ण प्रामुख्याने अमेरिकेतले आहेत. २००५ च्या महापुरानंतर मुंबईत पसरलेला लेप्टो किंवा सिंधुदुर्गातील माकडताप आपल्या विद्यार्थ्याला जसा शिकवायला हवा तसा त्यात मिळणार नाही. ती भर आपल्या शिक्षकांनीच घातली पाहिजे, आणि मराठीत घातली तर फारच उत्तम.

लेखकाने पोट कसे भरावे, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. फुकट पुस्तक म्हणजे फुकट श्रम, असा समज आपण तरी पसरवू नये. लेखकाला सार्वजनिक पैशातून एकदाच, पण चांगला मोबदला द्यावा. त्यानंतर प्रत्येक प्रतीमागे विद्यार्थ्याकडून पुन्हा वसुली कशासाठी? पैसा नाही म्हणावे, तर परदेशी व देशी प्रकाशकांच्या संशोधनपत्रिका सरकारी संस्थांना उपलब्ध करून देण्यासाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपये मंजूर केले. संशोधकाला पत्रिका लागतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण पदवीच्या विद्यार्थ्याच्या पाठ्यपुस्तकाला याचा शतांश तरी मिळावा की नाही?

विद्यापीठांच्या अधिसभांत आणि विद्यार्थी संघटनांत आपले कार्यकर्ते व सहानुभूतीदार आहेत. अभ्यासक्रमात शिफारस केलेल्या प्रत्येक ग्रंथापुढे त्याची किंमत छापावी आणि निदान एक ग्रंथ विनामूल्य किंवा अल्पमोली असावा, असा ठराव त्यांनी आणावा. आणि जे झेरॉक्सने साधत नाही ते विद्यापीठाने करावे: रंगविलेल्या काचपट्ट्यांची तीस-चाळीस पानांची रंगीत चित्रावली आपल्याच महाविद्यालयांतील नमुन्यांवरून तयार करून ना नफा तत्त्वावर छापावी. एका प्रयोगवहीच्या किमतीत ती देता येईल की नाही याचा हिशेब विद्यापीठाच्या मुद्रणालयाकडून मागवून घ्यावा, आणि तो हातात घेऊनच अधिसभेच्या अर्थसंकल्पीय बैठकीला जावे.