मांजराची कैफियत

“कुत्रें इमानी, मांजर कृतघ्न” हा निवाडा आमच्या सुशिक्षित घरांतूनही मोठ्या ठामपणें दिला जातो. फिर्याद ठरलेलीच : तें उघड्या पुस्तकावर बसतें, गादी कणकेसारखी तिंबतें, मेलेला उंदीर अंथरुणाशीं आणून टाकतें. आरोपीचा स्वभाव न पाहतां दिलेल्या या निकालास न्याय कोण म्हणेल? दूध उतरावें म्हणून पिलूं आईचें पोट पंज्यांनीं दाबतें. तीच संवय मोठेपणीं गादीवर दिसते. शिकार निर्धास्त जागीं नेणें हा तर शिकाऱ्याचा धर्मच. ती निर्धास्त जागा आपलें घर असेल, तर यांत कृतघ्नता ती कोणती?

धान्यामागें उंदीर आले, उंदरांमागें मांजर आलें. सायप्रस बेटांत सुमारें ९,५०० वर्षांपूर्वींच्या एका दफनांत माणसाशेजारीं मांजर सांपडलें आहे. ज्वारीच्या कणगीपाशीं त्यानें आपला करार आजवर पाळला; मोडतों तो आपण. यवतमाळ जिल्ह्यांत टिपेश्वरचा वाघ पाहण्यासाठीं पदरमोड करणारे कांहीं गृहस्थ वाघाच्या मावशीला मात्र पिलांसह पोत्यांत कोंबून गांवाबाहेर सोडून येतात! उपासमार होईल अशा स्थितींत जनावर विनाकारण टाकून देणें हा १९६० च्या प्राणिक्रौर्य-प्रतिबंधक कायद्यानें गुन्हा आहे. पिलें नको असतील तर पशुवैद्याकडून वेळींच शस्त्रक्रिया करवून घ्यावी. ज्यांस केवळ आज्ञाधारकपणा हवा, त्यांनीं मांजर पाळूंच नये. आणि पाळलेला जीव पोत्यांत घालणारांनीं इमानाच्या गोष्टी दुसऱ्यास सांगूं नयेत.