भरवशाचं पिस्तूल

मराठी मध्यमवर्गीय माणूस दुकानात गेला की वस्तू हातात घेऊन, उलटीसुलटी करून एकच प्रश्न विचारतो, "भरवशाची आहे ना हो?" छत्री असो, मिक्सर असो, पाण्याची मोटार असो, नाहीतर मुलीसाठी सांगून आलेलं स्थळ असो, कसोटी एकच. रंग, रूप वगैरे नंतर. आयुष्यात फार मोठं काही घडणार नाही हे आपण मनोमन मान्य केलेलं असतं. निदान जे काही आहे ते गॅरंटीच्या मुदतीत बिघडू नये, एवढीच आपली अपेक्षा. मीही हा शब्द सत्तर वर्षं बिनतक्रार वापरला. पण अलीकडे हे विशेषण अशा एका वस्तूला चिकटलेलं मी ऐकलं, की त्या दिवसापासून माझा या शब्दाशी उभा दावा आहे. ती वस्तू म्हणजे पिस्तूल.

घाबरू नका. मी पुण्यात पेठेतच राहतो आणि आमच्याकडे अजून तरी जिभेवरच काम भागतं. हे पिस्तूल अमेरिकेतलं. माझा भाचा टेक्सस राज्यात, डॅलसच्या जवळ राहतो. कॉम्प्युटरवर काम करतो, तेही घरी बसूनच. मुलगा गुणी. गेल्या वर्षी तिथला नागरिक झाला, आणि मुंज झालेल्या बटूला जसं भिक्षावळीचं, तसं त्याला पिस्तुलाचं सुचू लागलं. आम्ही उभयता त्याच्याकडे महिनाभर राहायला गेलो तेव्हा शोध जोरात चालू होता. लहान हवं, कपड्यांखाली दिसता कामा नये आणि मुख्य म्हणजे, "मामा, भरवशाचं हवं!"

टेक्ससमध्ये हे अवघड नाही. तिथे १९९६ पासून परवाना काढून पिस्तूल अंगावर लपवून फिरता येऊ लागलं. १ सप्टेंबर २०२१ पासून तर एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या आणि कायद्याने अपात्र न ठरलेल्या माणसाला त्यासाठी परवानाही लागत नाही. मोटार चालवायला परवाना, न्हाव्याला लोकांचे केस कापायला परवाना, तळ्यावर गळ टाकून मासे धरायला परवाना. पिस्तूल कमरेला लावून कोथिंबीर आणायला मात्र कुणी काही विचारत नाही. माशांची बाजू त्या राज्यात कुणीतरी चांगली मांडलेली दिसते.

भाच्याने तक्ता केला होता. त्याच्या बहिणीसाठी स्थळं पाहताना माझ्या मेहुण्यांनी केला होता, तसाच. नाव, उंची, वजन, घराणं, अपेक्षा. पहिलं स्थळ ऑस्ट्रियाचं, ग्लॉक १९. हे ग्लॉक घराणं मूळचं पडद्याच्या दांड्या करणारं. गास्टन ग्लॉक यांना पिस्तुलांचा अनुभव शून्य; पण ऑस्ट्रियाच्या लष्कराला नवं पिस्तूल हवं आहे हे कळल्यावर त्यांनी प्लॅस्टिकच्या सांगाड्याचं पिस्तूल बनवलं आणि १९८२ साली लष्कराने ते पत्करलं. ग्लॉक १९ हे त्याचंच १९८८ मधलं धाकटं भावंडं. पंधरा गोळ्या पोटात घेतं. दुसरं स्थळ सिग झाउअर पी ३६५. जन्मसाल २०१८, वजन रिकाम्या पोटी अर्धा किलो, गोळ्या दहा. वर्षाचे ३६५ दिवस अंगावर वागवता यावं म्हणून नावातच ३६५. म्हणजे दिवाळीच्या पाडव्यालाही सुटी नाही. तिसरं स्थळ स्मिथ अँड वेसनचं पाच गोळ्यांचं आखूड रिव्हॉल्व्हर. घराणं जुनं, १९५० पासूनचं. गोळ्या कमी, पण अडकण्याची खोडही कमी.

हे सगळं लावायचं कुठे, तर कमरेला, पँटच्या आतल्या बाजूने. त्यासाठी पँट एक नंबर मोठी आणि पट्टा जाडजूड घ्यायचा. मला आमच्या वडिलांचा लेंगा आठवला. त्या लेंग्याच्या नाडीने आयुष्यभर अब्रू कशीबशी सांभाळली; तिच्यावर आणखी अर्धा किलो लोखंड म्हणजे चोर येण्याआधीच शरणागती.

"पण मामा, जितकं लहान तितकं नेम धरायला अवघड," भाचा म्हणाला. ते खरंही आहे. नळी आखूड, मूठ आखूड, करंगळीला जागा नाही आणि गोळी सुटताना हाताला हिसका मात्र मोठ्या पिस्तुलापेक्षा जास्त. म्हणजे लपवायला सोपं ते चालवायला कठीण आणि चालवायला सोपं ते लपवायला कठीण. त्यात आणखी एक गंमत. असलं पिस्तूल मनगट सैल ठेवून झाडलं, तर वरचा भाग पुरता मागे जाऊन परत येत नाही आणि पुढची गोळी अडकून बसते. म्हणून तिथले जाणकार सांगतात की जी काडतुसं खरोखर बाळगणार तीच घालून निदान दोनशे बार काढा. दोनशेच्या दोनशे बिनबोभाट सुटले, तरच पिस्तूल भरवशाचं म्हणा.

आणि माझं भांडण सुरू होतं ते इथे. दोनशे बारांची ही परीक्षा द्यायची कुणी? पिस्तुलाने. अरे, पण बिचारं मनगट कुणाचं सैल होतं? कारखान्यात सुटा भाग न् भाग तपासून बाहेर पडतो तो पिस्तुलाचा. पिस्तुलाच्या मागे जो साडेपाच फुटी सुटा भाग जोडायचा असतो, ज्याला राग येतो, झोप येते, विसर पडतो, त्याची तपासणी कुठल्या खिडकीवर होते?

विसराचंच बघा. अमेरिकेत विमानतळावर सामान तपासणारं सरकारी खातं आहे. २०२३ साली त्यांना प्रवाशांच्या हातातल्या सामानात ६,७३७ बंदुका-पिस्तुलं सापडली आणि त्यांतली शंभरातली त्र्याण्णव भरलेली होती. हे प्रवासी दहशतवादी नव्हते. बहुतेकांचं उत्तर एकच असतं, "अय्या, विसरलोच की!" आपल्याकडे माणूस विमानतळावर पिशवीतलं लोणचं विसरतो, तो इथे पिस्तूल विसरतो. काखेत कळसा ही म्हण आपण पाण्याच्या कळशीबद्दल केली म्हणून बरं. ही झाली साधी माणसं. पण २०१५ साली वॉशिंग्टनमध्ये, तिथली संसद जिथे भरते त्या कॅपिटॉलच्या पोलिसांनी आपली पिस्तुलं स्वच्छतागृहात विसरल्याच्या बातम्या आल्या. त्यांतलं एक सापडलं ते एका लहान मुलाला. पिस्तूल उत्तम होतं. भरवशाचं. जिथे ठेवलं तिथून तसूभर हललं नाही.

बरं, विसरला नाही, वेळेवर काढलं, तर? न्यूयॉर्कच्या पोलिसांचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. १९९८ ते २००६ या काळात समोरून गोळ्या येत असताना पोलिसांनी झाडलेल्या गोळ्यांपैकी नेमक्या लागल्या त्या शंभरात अठरा. हे पगारी, शिकवलेले, वर्दीतले लोक. २०१२ च्या ऑगस्टमध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर एका खुन्याने पिस्तूल रोखलं तेव्हा दोन पोलिसांनी सोळा गोळ्या झाडल्या. खुनी मेला, पण त्या गोळ्यांनी आणि त्यांच्या तुकड्यांनी रस्त्याने चाललेले नऊ जणही जखमी झाले. मी पोलिसांना हसत नाही. त्या क्षणी छातीत जे होतं ते कुणाच्याही छातीत होईल. पण मग ज्या भाच्याला फटाक्याची वात पेटवताना मी डोळे मिटलेले पाहिले आहेत, त्याच्या हातून त्या क्षणी काय होणार, याचा रकाना तक्त्यात नको?

लपवलेल्या पिस्तुलाची हौस तिथे जुनी आहे. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरने एकोणिसाव्या शतकात मुठीत मावणारी पिस्तुलं काढली. १८६५ साली अध्यक्ष लिंकन यांच्यावर नाटकगृहात गोळी झाडली गेली ती अशाच एका पिस्तुलातून. त्यात एकच गोळी असायची. तेही भरवशाचं निघालं.

आता हसण्यावारी न्यायचं नाही ते सांगतो. भाच्याची मुलगी तीन वर्षांची आहे. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या बाटलीला तिथे मुलांना उघडता येऊ नये असं झाकण असतं. ते मला उघडता येत नाही. ती उघडून देते. चष्म्याचं घर, आजीची पर्स, शेजाऱ्यांचं फाटक, जगात तिच्यासाठी बंद असं काही नाही. २०१४ च्या डिसेंबरात आयडाहो राज्यात एक आई मुलांना घेऊन दुकानात गेली होती. पिस्तूल ठेवायला मुद्दाम कप्पा केलेली पर्स सामानाच्या ढकलगाडीत होती आणि गाडीत दोन वर्षांचा मुलगा बसला होता. त्याने कप्प्यात हात घातला. आई तिथेच गेली. पिस्तूल लहान होतं, लपवलेलं होतं, परवाना होता आणि पहिल्याच गोळीला ते अडकलं नाही. तक्त्यातले सगळे रकाने बरोबर भरले होते.

आणि चोराची गोष्ट. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं मेली. त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा बंदुकीच्या दोन्ही बाजूंना एकच माणूस होता. नोकरी गेलेली एक रात्र, नापास झालेली एक दुपार. इतर वेळी अशा माणसाला मागे फिरायला थोडा वेळ मिळतो, कुणी दार वाजवतं, शेजारीण विरजण मागायला येते. आणि एकदा वाचलेली बहुतेक माणसं पुढे आपल्या मरणाने, नातवंडांना ओरडून-बिरडून म्हातारी होऊन मरतात. बंदूक हातात असली तर दहांतली जवळजवळ नऊ वाचत नाहीत. भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो असं आपण हळहळून म्हणतो. पण काही गोठे असे असतात की तिथे टोणगाच व्हावा, म्हशीने दगाच द्यावा, म्हणून देवाला नारळ बोलावा. वस्तू वेळेवर बिघडणं हीसुद्धा कृपा असते, हे छत्री विकत घेणाऱ्या माणसाच्या लक्षात कसं येणार?

"मामा, पोलिस यायला दहा मिनिटं लागतात. चोराला दहा सेकंद पुरतात." भाच्याचा हा मुद्दा मी उडवून लावत नाही. रात्रपाळीला पेट्रोलपंपावरचं दुकान एकटा सांभाळणारा माणूस, जिचा जुना नवरा जिवावर उठलाय अशी बाई, यांना शहाणपण शिकवणारा मी कोण? त्यांची भीती खरी आहे, आणि तिचा हिशेब त्यांनीच करायचा. पण माझ्या भाच्याच्या दारात गेल्या सहा वर्षांत आलेला सर्वांत संशयास्पद इसम म्हणजे मी. त्याला भीती नाही, हौस आहे. हौसेला हरकत नाही. त्याने सतार शिकावी. ती बेसूर लागली तरी शेजारी फार तर घर बदलतात.

आपलं सरकार या बाबतीत खवट आहे, पण माणूस ओळखून आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना मागायचा तर आधी कारण सांगा, पोलिस चौकशी करतील, मग बघू. मिळाला तरी निवडणूक आली की बऱ्याच परवानाधारकांना पिस्तूल पोलिस ठाण्यात जमा करायला लावतात. लग्नाच्या वरातीत आनंदाने बार काढणं हा तर २०१९ पासून सरळ गुन्हाच. म्हणजे सरकारची पिस्तुलाबद्दल काहीच तक्रार नाही. प्रचार आणि वरात या दोन प्रसंगी मालकाचा भरवसा नाही, एवढंच त्याचं म्हणणं. माझंही तेच म्हणणं आहे. मी त्यात फक्त उरलेले दिवस घालतो.

म्हणून मी भाच्याला सांगितलं, "पिस्तुलाची दोनशे बारांची परीक्षा मला मान्य. पण तिच्या आधी तुझी दोनशे दिवसांची. रोज मोटारीची किल्ली एका हाकेत सापडली पाहिजे. फोन कुठे ठेवला हे बायकोला विचारायचं नाही. मोटारीला कुणी आडवं घातलं तर तोंडातून अपशब्द जाता कामा नये. कपाटाला लावलेलं कुलूप मुलीला उघडता येता कामा नये. आणि वाईट दिवस आला तर 'मला बरं वाटत नाहीये' हे वाक्य घरात कुणाला तरी मोठ्याने म्हणता आलं पाहिजे. यातलं एक जरी अडकलं, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून."

भाच्याने पैज घेतली. तीन दिवस मुलाने खरंच कमाल केली. चौथ्या दिवशी सकाळी तो सोफ्याखाली वाकून फोन शोधत होता. अंधार होता म्हणून त्याने बॅटरी लावली होती. ती फोनचीच होती. भाचेसुनेने काही न बोलता फ्रिजवरच्या कागदावरचा चार खोडला आणि शून्य लिहिलं.

त्याला आता सव्वा वर्ष झालं. दर रविवारी फोन येतो, तेव्हा मी आकडा विचारतो. सर्वांत मोठा आकडा आतापर्यंत एकोणीस झाला आहे. ग्लॉक १९ शी तेवढं साम्य पुरेसं आहे, असं भाचेसुनेचं मत पडलं.